कोऱ्या वेष्टनातली तबकडी



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. हेवी मेटल हा व्याख्यानाचा विषय होतो का? आणि होत असेल, तर ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, मेटॅलिका ही मोठमोठी नावं सोडून ‘डायमंड हेड’ या वृंदावर कशासाठी बोलायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो. ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी १९७० साली आली. तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ हे संगीत जगभर वाजतंय, ऐकलं जातंय, शिकलं जातंय. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतली मुलं गिटार हातात घेतात आणि रात्र रात्र जागून हे संगीत बसवतात. ज्या संगीतानं तीन पिढ्यांना धरून ठेवलं, त्याचा इतिहास नीट सांगायला हवा. आवाज मोठा आहे म्हणून दार लावून घेणं हे काही रसिकाचं लक्षण नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचं व्याख्यान.

मला सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. नवी वाट पाडणाऱ्या कलावंताचं पुढे काय होतं, हे त्याच्या गुणांवर ठरतं, नशिबावरही ठरतं. पण त्याहून जास्त ते मागून येणाऱ्यांवर ठरतं. मागून येणारे त्याचं नाव घेतात की नाही, आणि नावाबरोबर त्याचा मोबदला त्याच्या हातात ठेवतात की नाही, यावर ठरतं. डायमंड हेडची वाटचाल हे याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

तीन टप्प्यांत बोलणार आहे. या मंडळींनी काय घडवलं, हा पहिला टप्पा. इतकं घडवूनही ती मागे का राहिली, हा दुसरा. आणि मागे राहूनही ती पुसली का गेली नाहीत, हा तिसरा. तिसऱ्यासाठीच मुख्यतः मी इथे उभा आहे.

एक : काय घडवलं?

इंग्लंडच्या नकाशावर मध्यभागी बर्मिंगहॅम आहे. त्याच्या पश्चिमेला कोळसा आणि लोखंडाच्या धुरानं काळवंडलेला एक पट्टा होता. ‘ब्लॅक कंट्री’ हे त्याचं नाव आजही चालतं. या पट्ट्याच्या कडेला स्टौरब्रिज हे गाव आहे. गावाची ओळख काचेची. सतराव्या शतकापासून तिथे काच बनते आहे. कोळसा जवळ, भट्टीला लागणारी माती जवळ, आणि हात तयार असलेले कारागीर. हेवी मेटलच्या भूगोलातही हा मुलूख काही परका नाही. ब्लॅक सॅबथ बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. जुडास प्रीस्टही याच परिसरातले. लेड झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लांट याच पट्ट्यात वाढले. कारखान्यांच्या या मुलखानं जगाला एक भारदस्त आवाज दिला, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

१९७६च्या उन्हाळ्यात स्टौरब्रिजमधल्या काही शाळकरी मुलांनी एक वाद्यवृंद जमवला. गिटारवर ब्रायन टॅटलर, ड्रम्सवर डंकन स्कॉट, गायक शॉन हॅरिस; बास गिटारवर पुढे कॉलिन किम्बर्ली आले. वृंदाचं नाव त्यांनी घेतलं ते गिटारवादक फिल मॅन्झानेरा यांच्या १९७५च्या तबकडीवरून : ‘डायमंड हेड’.

काळ कसा होता? लंडनमध्ये पंकचं वादळ सुरू होत होतं. जुन्या, लांबलचक, कसरतीच्या रॉकला तरुण मुलं कंटाळली होती. तीन स्वरमेळ, दोन मिनिटं आणि मनात साठलेला राग, एवढ्यावर गाणं उभं राहतं, असं पंक सांगत होतं. वर्तमानपत्रांच्या लेखी हेवी मेटल संपल्यात जमा होतं. आणि नेमक्या त्याच वर्षांत, लंडनपासून दूर, छोट्या छोट्या गावांमधली मुलं ते संपलेलं संगीत नव्या वेगानं वाजवायला लागली होती. शेफील्डमध्ये डेफ लेपर्ड होते, बार्न्सलीकडे सॅक्सन, न्यूकॅसलच्या बाजूला आणखी काही वृंद. लंडनमध्ये आयर्न मेडनही होते. १९७९च्या मे महिन्यात ‘साउंड्स’ या संगीत-साप्ताहिकानं या साऱ्यांना मिळून एक नाव दिलं : ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’. जेफ बार्टन यांनी ते लेखातून रुजवलं, संपादक होते ॲलन लुइस.

या लाटेत डायमंड हेड वेगळे होते. कशात वेगळे? ते सांगण्यासाठी थोडं तंत्राकडे जावं लागेल.

रॉक संगीतात ‘रिफ’ म्हणून एक गोष्ट असते. गिटारच्या खालच्या तारांवर वाजणारी, फिरून फिरून येणारी छोटी स्वरावली. आपल्या बंदिशीत मुखड्याला जे स्थान आहे, साधारण तेच रिफला या गाण्यात आहे. सगळं तिथून निघतं आणि तिथे परत येतं. बहुतेक गाण्यांमध्ये एक रिफ असते, फार तर दोन. टॅटलर एकाच गाण्यात एकामागून एक रिफ मांडत गेले. एक आली, तिनं जागा घेतली, तिच्यातून दुसरी उगवली, लय बदलली, तिसरी सुरू झाली. गाणं कडवं आणि धृपद यांच्या चौकटीत न राहता प्रवासाला निघालं.

‘ॲम आय ईव्हिल?’ हे त्यांचं गाणं घ्या. जवळपास आठ मिनिटांचं. सुरुवातीला रणवाद्यांसारखे ठोके पडतात. ही प्रेरणा गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकारांच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतल्या मंगळाच्या भागावरून आलेली आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेली अभिजात रचना साठ-पासष्ट वर्षांनी एका औद्योगिक गावातल्या मुलांच्या गिटारवर उतरते! ठोक्यांनंतर एकट्या गिटारची वेगवान सुरावट येते. मग मुख्य रिफ येते, संथ आणि जड, पाऊल दाबून चालणारी. शब्द येतात, सूडाचे. आणि गाणं स्थिरावलं असं वाटेपर्यंत लय दुपटीसारखी उसळते आणि सगळा डौल मोडून ते धावत सुटतं. संथपणा ब्लॅक सॅबथकडून आलेला, वेग पंकच्या काळातला, रचनेची हौस जुन्या प्रयोगशील रॉकमधली. आणि वर शॉन हॅरिस यांचा उंच, लवचिक, भावनेला मोकळी वाट देणारा गळा. पुढे ज्याला ‘थ्रॅश मेटल’ म्हणू लागले, त्याचा नकाशा या एका गाण्यात आखलेला सापडतो. थांबणं, उसळणं, रिफवर रिफ रचत नेणं, लांब पल्ल्याचं गाणं बांधणं : सगळं तिथे आहे.

१९८०च्या सुरुवातीला या मंडळींना एसी/डीसी आणि आयर्न मेडन यांच्या कार्यक्रमांत आधी वाजवण्याची संधी मिळाली. पत्रांतून कौतुक छापून येत होतं. कोणी त्यांना लेड झेपेलिनचे वारसदार म्हणत होतं. फक्त एकच गोष्ट घडत नव्हती : कोणतीही मोठी कंपनी करार करत नव्हती. आयर्न मेडनना ईएमआयनं घेतलं, डेफ लेपर्डना फोनोग्रामनं घेतलं. डायमंड हेड थांबून राहिले.

मग त्यांनी काय केलं? स्वतःच तबकडी काढली. वूस्टरच्या ‘ओल्ड स्मिदी’ स्टुडिओत सात गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९८० साली ‘हॅपी फेस’ या आपल्याच छापाखाली हजार प्रती काढल्या. कल्पना अशी की कंपन्यांना ऐकवायला हातात काहीतरी असावं. वेष्टन कोरं, पांढरं. चित्र नाही, गाण्यांची यादी नाही. प्रत्येक प्रतीवर वृंदातल्या एकाची सही. कार्यक्रमांच्या ठिकाणी आणि टपालानं ती विकायची, किंमत साडेतीन पौंड. पुढे ही तबकडी ‘लाइटनिंग टू द नेशन्स’ या तिच्यातल्या पहिल्या गाण्याच्या नावानं ओळखली गेली, पण जुने चाहते तिला अजूनही ‘पांढरी तबकडी’च म्हणतात.

सात गाणी. हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंय.

श्रोतेहो, दर्जा सिद्ध करायला भव्य स्टुडिओ, नामवंत निर्माता, मोठी रक्कम लागते, असं आपण धरून चालतो. इथे यातलं काहीही नव्हतं. विशीच्या आसपासची चार मुलं, आणि चार वर्षं गाजवत-घोटत आणलेली गाणी. मला या तबकडीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही घोटाई. त्या सात गाण्यांमध्ये एकही जागा अशी नाही, जिथे वाजवणाऱ्याला पुढे काय करायचंय याचा संभ्रम पडला आहे.

दोन : मागे का राहिले?

आता दुसरा टप्पा. इतकं सामर्थ्य असताना डायमंड हेड हे नाव घराघरांत का पोचलं नाही?

याचं उत्तर एका खलनायकावर ढकलता येत नाही. कलावंताच्या अपयशाची गोष्ट सांगताना आपल्याला एक दुष्ट कंपनी किंवा एक नालायक व्यवस्थापक हवा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा लहान लहान कारणं एकत्र येतात. मला इथे चार दिसतात.

पहिलं कारण वेळेचं. लाट ऐन भरात होती ती १९८०मध्ये. त्या वर्षी आयर्न मेडनची पहिली तबकडी ब्रिटिश विक्री-यादीत चौथ्या क्रमांकावर गेली, सॅक्सनची ‘व्हील्स ऑफ स्टील’ पाचव्या क्रमांकावर. त्या वर्षी दुकानांत तुमचा माल असायला हवा होता. डायमंड हेडचा माल टपालानं जात होता. वृंदाचं व्यवस्थापन शॉन यांच्या आई लिंडा हॅरिस आणि रेग फेलोज हे दोघं पाहत होते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण घरगुती कारभाराला लंडनमधल्या कंपन्यांच्या दालनांत वजन मिळणं अवघड होतं. एमसीए या मोठ्या कंपनीशी करार झाला तो थेट १९८२च्या सुमारास. तोवर लाट ओसरायला लागली होती.

तरीही १९८२ हे वर्ष चांगलं गेलं. एमसीएसाठी केलेली ‘बॉरोड टाइम’ ही तबकडी ब्रिटिश यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत पोचली. वेष्टनावर रॉडनी मॅथ्यूज यांचं चित्र होतं. कुठे ते कोरं पांढरं पुठ्ठ्याचं पाकीट आणि कुठे हे! रेडिंगच्या महोत्सवात या लोकांनी वाजवलं आणि गर्दीनं त्यांना डोक्यावर घेतलं. वाटलं, आता जमलं.

दुसरं कारण दिशेचं. १९८३ची ‘कँटरबरी’ ही तबकडी वेगळ्या वळणाची होती. गाणी अधिक गुंतागुंतीची, सुरेल, प्रयोगशील. मी ती आवडीनं ऐकतो. तिच्यात धाडस आहे, आणि कलावंताला नवी दिशा शोधण्याचा हक्क असतोच. पण त्यांचा श्रोता ‘ॲम आय ईव्हिल?’च्या ठोक्यांवर जमलेला होता. तो गोंधळला. त्याच वर्षी अमेरिकेत बरोबर उलटं घडत होतं. तिथली तरुण मुलं डायमंड हेडच्या जुन्या गाण्यांचा वेग आणखी वाढवत होती. म्हणजे ज्या रस्त्याचा शोध यांनी लावला, त्या रस्त्यावर गर्दी जमू लागली तेव्हा हे दुसऱ्या रस्त्याला लागले होते.

तिसरं कारण माणसांचं. ‘कँटरबरी’चं काम चालू असतानाच डंकन स्कॉट आणि कॉलिन किम्बर्ली वृंदाबाहेर गेले. शाळेपासूनचा चौघांचा मेळ मोडला. नवी माणसं घेऊन ते ऑगस्ट १९८३मध्ये डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात उतरले. महोत्सव मोठा, पण यांचा क्रम सगळ्यात आधीचा.

आणि चौथं कारण निव्वळ दुर्दैवाचं. ‘कँटरबरी’च्या पहिल्या वीस हजार प्रती छपाईत सदोष निघाल्या. सुई उड्या मारायची. विचार करा. इतकी मेहनत, एका मोठ्या कंपनीचा पैसा, चाहता दुकानात जाऊन तबकडी घेतो, घरी आणून लावतो आणि सुई सरळ चालत नाही. तो ती परत करतो. दुकानदार वैतागतो. पहिल्या आठवड्यांतच उत्साह मावळतो. तबकडीच्या धंद्यात पहिले आठवडेच सगळं ठरवतात.

कंपनीनं हात काढून घेतला. १९८५ साली वृंद विसर्जित झाला. ज्या अमेरिकेत त्यांच्यासाठी सर्वांत मोठा श्रोतृवर्ग तयार होत होता, त्या अमेरिकेत या पहिल्या डावात ते एकदाही वाजवायला गेले नाहीत.

इथे गोष्ट थांबली असती, तर मी आज या विषयावर बोललो नसतो. बोलू शकलोच नसतो. कारण इथे ज्यांची गोष्ट थांबली असे त्या लाटेत कितीतरी वृंद होते. एखादी छोटी तबकडी, पाच-पन्नास कार्यक्रम, आणि मग कारखान्यातली नोकरी. त्यांच्यात गुण नव्हते असं कोण म्हणेल? त्यांचं नाव घेणारं कोणी पुढे आलं नाही, एवढंच आपण खात्रीनं म्हणू शकतो.

तीन : पुसले का गेले नाहीत?

आता तिसरा टप्पा. त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागेल, १९८१च्या उन्हाळ्यात.

लार्स उल्रिक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. मूळचा डेन्मार्कचा. वडील टॉर्बेन उल्रिक नामवंत टेनिसपटू. मुलानंही टेनिस खेळावं म्हणून कुटुंब कॅलिफोर्नियाला आलेलं. मुलाचं चित्त मात्र रॅकेटवर नव्हतं. इंग्लंडहून टपालानं येणाऱ्या तबकड्यांवर होतं. त्यात पांढरी तबकडीही होती. ती त्याच्या मनात इतकी भिनली की तो विमानात बसून लंडनला आला आणि जुलै महिन्यात वुलविच ओडियन या थिएटरात डायमंड हेडचा कार्यक्रम पाहिला. कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागे जाऊन भेटला. राहायला कुठे आहेस, असं विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग डायमंड हेडनं काय केलं? त्याला घरी नेलं. आधी टॅटलर यांच्या घरी, मग हॅरिस यांच्याकडे. तो अनोळखी मुलगा आठवडेच्या आठवडे स्टौरब्रिजमध्ये राहिला. गाणी कशी रचली जातात, तालीम कशी होते, दोन माणसं बसून एका रिफवर किती वेळ घालवतात, हे त्यानं जवळून पाहिलं.

ही कुठल्या शाळेतली शिकवणी नव्हती. शिकवावं असा कोणाचा हेतूही नव्हता. पण आपल्याकडे ज्याला गुरुगृही राहून शिकणं म्हणतात, ते याहून फार निराळं असतं का?

तो मुलगा अमेरिकेला परत गेला आणि त्याच वर्षी जेम्स हेटफील्ड यांच्याबरोबर त्यानं मेटॅलिका हा वृंद उभा केला. १४ मार्च १९८२ला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. नऊ गाणी वाजवली. त्यांतली स्वतःची किती? दोन. आणि डायमंड हेडची? चार. जगातल्या सर्वांत यशस्वी हेवी मेटल वृंदाच्या पहिल्या कार्यक्रमात त्यांच्या स्वतःच्या गाण्यांपेक्षा डायमंड हेडची गाणी दुपटीनं अधिक होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सोडून दिली तर मुद्दा खोटा पडेल. त्या सुरुवातीच्या दिवसांत मेटॅलिकाची मंडळी ही गाणी दुसऱ्यांची आहेत असं मंचावरून सांगत नसत. ऐकणाऱ्यांना वाटे, सगळं यांचंच आहे. कोणी ओळखण्याची शक्यताही नव्हती. स्टौरब्रिजची हजार प्रतींची तबकडी तिथे कोणाकडे असणार? याच जागी रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एका फाट्यानं गेले असते तर रिफ राहिल्या असत्या आणि नाव गेलं असतं. संगीताच्या इतिहासात असं असंख्य वेळा झालंय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांची किती गाणी इतरांच्या नावावर गाजली, आणि मूळ कलावंतांना किती उशिरा न्याय मिळाला, हे आपण जाणतो.

मेटॅलिका दुसऱ्या फाट्यानं गेले. १९८४ साली ‘क्रीपिंग डेथ’ या त्यांच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ‘ॲम आय ईव्हिल?’ आलं आणि रचनाकार म्हणून हॅरिस आणि टॅटलर यांची नावं छापली गेली. १९८७च्या ‘गॅरेज डेज’ तबकडीवर ‘हेल्पलेस’ आलं. त्यानंतर ‘द प्रिन्स’ आलं. १९९८ साली ‘गॅरेज इंक.’ या दुहेरी संचात ही सगळी एकत्र आली, आणि जोडीला ‘इट्स इलेक्ट्रिक’ नव्यानं वाजवलं गेलं. हा संच अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, लाखो प्रती खपल्या.

मघाशी मी एक आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. पांढऱ्या तबकडीवर सात गाणी होती. त्यांतली चार मेटॅलिकानं ध्वनिमुद्रित केली. निम्म्याहून अधिक तबकडी! हजार पाकिटांमधलं संगीत लाखो घरांत गेलं, आणि प्रत्येक प्रतीवर दोन नावं गेली.

नावाबरोबर आणखी काही गेलं, आणि त्यावर मला विशेष भर द्यायचाय. रचनाकाराचा मोबदला, म्हणजे रॉयल्टी. प्रत्येक प्रतीमागे रचनाकाराला वाटा मिळतो. गाणं नभोवाणीवर वाजलं, मंचावर वाजलं, तरी मिळतो. या पैशामुळे आपण संगीतात टिकून राहू शकलो, हे टॅटलर यांनी अनेकदा मोकळेपणानं सांगितलंय. आपण कलावंताला शाल देतो, श्रीफळ देतो, टाळ्या देतो. त्या आदराचं मोल मोठं आहे. पण शालीवर घर चालत नाही. डायमंड हेडच्या बाबतीत नावाच्या छपाईतून मोबदला आला, आणि मोबदल्यातून काम करत राहण्याचं बळ आलं. कौतुक आणि व्यवहार एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत आपण सोडून द्यायला हवी.

आपल्या मैफलीत गायक गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ही रीत आपण लहानपणापासून पाहतो. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की समोर जे ऐकतोय त्याच्या मागे कोणीतरी आहे. आणि मग तो मागे जातो, शोधतो, जुनी ध्वनिमुद्रणं मिळवतो. घराणी नुसत्या गळ्यांतून चालत नाहीत. ती नावांतून चालतात. मेटॅलिकानं आपल्या परीनं हेच केलं. आपल्याकडच्या ज्या तरुणांनी मेटॅलिकाच्या ध्वनिफिती ऐकून गिटार हाती घेतली, त्यांच्यातल्या चौकस मुलांनी गाण्याखालची बारीक अक्षरं वाचली आणि मागे मागे जात ती स्टौरब्रिजला पोचली. या सभागृहातही तशी काही मंडळी असतील याची मला खात्री आहे.

१९९१च्या सुमारास हॅरिस आणि टॅटलर पुन्हा एकत्र आले. १९९३ला ‘डेथ अँड प्रोग्रेस’ ही तबकडी आली. तिच्यात पाहुणे कोण? ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी, आणि थ्रॅश मेटल वाजवणाऱ्या मेगाडेथचे डेव्ह मस्टेन. एका बाजूला ज्यांच्याकडून घेतलं ते, दुसऱ्या बाजूला ज्यांना दिलं ते. त्याच वर्षी ५ जूनला मिल्टन कीन्सच्या भव्य मैदानावर मेटॅलिकाच्या कार्यक्रमात डायमंड हेडनं वाजवलं. हा डाव फार काळ चालला नाही, वृंद पुन्हा थांबला. २००० नंतर तिसऱ्यांदा सुरू झाला. हॅरिस २००४च्या सुमारास बाहेर पडले. टॅटलर यांनी आधी निक टार्ट आणि २०१४पासून रास्मुस बॉम अँडरसन यांना गायक म्हणून घेऊन काम चालूच ठेवलं. योगायोग पाहा, अँडरसनही मूळचे डेन्मार्कचेच. २०१६ आणि २०१९ साली नव्या तबकड्या आल्या. तरुण समीक्षकांनी त्या नावाजल्या, जुन्या पुण्याईवर नव्हे तर त्यांतल्या गाण्यांवर.

दोन प्रसंग थोडक्यात सांगतो. २२ जून २०१०, बल्गेरियाची राजधानी सोफिया. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स : थ्रॅश मेटलचे चार थोरले वृंद एकाच महोत्सवात. शेवटी चौघांचे कलावंत एकत्र मंचावर आले. सगळ्यांनी मिळून कोणतं गाणं वाजवायचं? चौघांकडे स्वतःची शेकडो गाणी होती. त्यांनी निवडलं ‘ॲम आय ईव्हिल?’. पुढच्या वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला हाच मेळा भरला. या वेळी गाणं होतं ‘हेल्पलेस’, आणि मंचावर त्या सगळ्यांच्या मधोमध ब्रायन टॅटलर स्वतः गिटार घेऊन उभे होते. एकतीस वर्षांपूर्वी ज्याची तबकडी घ्यायला एकही कंपनी पुढे आली नव्हती, तो माणूस.

तिसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. २०२० साली, चाळीस वर्षं झाल्यावर, डायमंड हेडनं पांढऱ्या तबकडीतली सगळी गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. जोडीला चार गाणी इतरांची घेतली. लेड झेपेलिन, डीप पर्पल आणि जुडास प्रीस्ट यांचं प्रत्येकी एक. म्हणजे पूर्वजांना मानवंदना. आणि चौथं? मेटॅलिकाचं ‘नो रिमोर्स’. ज्यांनी यांची गाणी गायली, त्यांचं गाणं यांनी गायलं. घेणारा मोठा होऊन ऋण मान्य करतो, हे आपण पाहिलंय. देणारा आपल्याकडून घेणाऱ्याला मान देतो, हे फार कमी वेळा पाहायला मिळतं. तिथे कडवटपणा नाही, हिशेब मागणं नाही. आपल्यापासून सुरू झालेल्या परंपरेचा आपणही एक श्रोता आहोत, हे मानण्याचा मोठेपणा आहे.

आणि टॅटलर अजून वाजवतायत. २०२३पासून ते सॅक्सनमध्ये आहेत, त्याच जुन्या लाटेतल्या सहप्रवाशांबरोबर. डायमंड हेडचं कामही त्यांनी सोडलेलं नाही.

समारोप

श्रोतेहो, आता थोडक्यात आवरतो.

डायमंड हेडनं एका गाण्यात अनेक रिफ गुंफून, लय मोडून-जोडून, लांब पल्ल्याच्या रचनेचा एक नमुना घालून दिला. तो १९८० साली, हजार प्रतींच्या तबकडीत. उशिरा झालेला करार, बदललेली दिशा, मोडलेला मेळ आणि सदोष छपाई यांमुळे ते बाजारात मागे पडले. आणि तरीही ते टिकले, कारण ज्यांनी त्यांच्याकडून घेतलं त्यांनी ते छापील अक्षरांत मान्य केलं आणि त्याचा मोबदला पोचू दिला.

यातून तिघांना तीन गोष्टी शिकता येतात. कलावंतांना : तुम्ही ज्याच्याकडून घेतलंत त्याचं नाव लवकर घ्या, आणि मोठे झाल्यावर मोठ्यानं घ्या. इतिहास लिहिणाऱ्यांना : विक्रीच्या याद्या हा इतिहासाचा एक कागद आहे, सगळं दफ्तर नव्हे, चोविसाव्या क्रमांकाच्या वर न गेलेला वृंद एका संपूर्ण शैलीचा पाया असू शकतो. आणि आपल्याला, श्रोत्यांना : आपण निष्क्रिय नाही. कोणती गोष्ट जगते आणि कोणती मरते, यात आपला हात असतो. लार्स उल्रिक हा आधी श्रोताच होता. टपालानं तबकडी मागवणारा, वेड्यासारखा तिच्यामागे समुद्र ओलांडून जाणारा एक श्रोता. एका श्रोत्याच्या आस्थेनं एवढं घडलं.

म्हणून माझी विनंती आहे. संगीत हेवी मेटल असो, नाट्यगीत असो, लावणी असो की चित्रपटातलं गाणं असो. ते आवडलं की तिथे थांबू नका. हे कोणी रचलं, असं विचारा. उत्तर सापडेपर्यंत विचारा. सापडलं की ते दुसऱ्याला सांगा, आणि त्या माणसाचं काम शक्य तिथे विकत घेऊन ऐका. विस्मृती आपोआप होते. तिला कष्ट लागत नाहीत. स्मृतीला मात्र माणसं लागतात. ती माणसं आपण व्हायचं की नाही, हे ठरवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.